झोप, पाठदुखी, एकटेपणा: नवागाममध्ये माणूस गांजाकडे का वळतो?

सुरतेत गांजा पकडला की बातमीचा साचा ठरलेला असतो. किती किलो, किती रुपयांचा, कुठल्या गाडीतून उतरला, आरोपी किती, कुठल्या पोलिस ठाण्यात गुन्हा. आम्हीही बातम्या अशाच देतो. पण या बातमीत एक माणूस कधीच नसतो, तो म्हणजे शेवटी ती पुडी विकत घेणारा. त्याने ती का घेतली, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर आपणच देऊन टाकतो: वाया गेला, संगत वाईट, नशेडी.

नवागाम-डिंडोली पट्ट्यात हा प्रश्न जरा थांबून विचारायला हवा, कारण हा पट्टा अर्धा खानदेशच आहे. नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं दोन-दोन पिढ्यांपासून इथे राहतात. कुणी लूमच्या खात्यावर, कुणी डायिंग मिलमध्ये, कुणी एम्ब्रॉयडरी मशीनवर, कुणी रिक्षा चालवतं. गल्लीत अहिराणी ऐकू येते, दुकानाच्या पाटीवर गुजराती, पोरांच्या तोंडात दोन्हींची खिचडी आणि वर हिंदी. सुरत-भुसावळ लाइनवरच्या गाडीत बसलं की काही तासांत माणूस गावी. त्यामुळे इथे पोराच्या खिशात पुडी सापडली की तिचा घोर शहादा, शिरपूर, अमळनेरच्या घरालाही लागतो. 'तिकडे गुजरातेत बिघडला' असं म्हणून भागत नाही. आपल्या शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीच्या, कपाशीच्या आड लावलेला गांजा पोलिस वर्षानुवर्षं उपटत आलेत, हेही विसरायला नको.

आधी एक आकडा. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल 2019 मध्ये आला. त्यानुसार 10 ते 75 वयातल्या सुमारे 3 कोटी 10 लाख लोकांनी, म्हणजे 2.8 टक्क्यांनी, आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेला होता. त्यात भांगवाले जास्त, साधारण 2 टक्के. गांजा-चरसवाले 1.2 टक्के. आणि ज्यांचं घेणं त्रासाच्या पायरीवर गेलंय, ज्यांना मदत लागेल, असे साधारण 72 लाख. म्हणजे घेणाऱ्यांपैकी बहुतेकांचं आयुष्य उद्ध्वस्त झालेलं नाही, पण चार-पाच जणांत एक जण अडचणीत आहे. घाबरवणाऱ्यांना पहिली गोष्ट आवडत नाही आणि ओढणाऱ्यांना दुसरी.

झोप येत नही, भो

कारण विचारलं तर सगळ्यात आधी झोप येते. हे कारण फेकण्यासारखं नाही.

सुरतेच्या लूमवर पाळी बारा तासांची. सकाळी सात ते संध्याकाळी सात, नाहीतर संध्याकाळी सात ते सकाळी सात. बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांनी पाळी उलटते. पैसे मीटरवर, म्हणजे खाडा केला तर हातात काही नाही. शेकडो मशीन एका छपराखाली धडधडत असतात, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. रात्रपाळी संपवून माणूस खोलीवर येतो तेव्हा ऊन चढायला लागलेलं असतं. पत्रा तापतो, गल्लीत पोरांचा गलका, एका खोलीत सहा-आठ जण, काही ठिकाणी तर एकाच गादीवर दिवसा एक आणि रात्री दुसरा. कानात अजून लूम चालूच. त्यात पाळी बदलली की शरीराला कळेनासं होतं की दिवस कुठला नि रात्र कुठली.

अशा माणसाला कुणीतरी सांगतं, दोन झुरके मार, पड. आणि तो खरंच पडतो. गांजातलं मुख्य रसायन टीएचसी, त्याने पहिल्या-पहिल्यांदा झोप लवकर लागते, हे डॉक्टरही नाकारत नाहीत.

गडबड पुढे होते. रोज घेतलं की मेंदूला त्याची सवय लागते आणि तेवढ्याच झोपेसाठी जास्त लागतं. स्वप्नांची जी झोप असते ती कमी होते. आणि ज्या दिवशी पुडी नसते त्या दिवशी झोप आधीपेक्षा वाईट. चिडचिड, जेवण जात नाही, घाम, झोप लागलीच तर भलभलती स्वप्नं. सोडल्यापासून एक-दोन दिवसांत हे सुरू होतं, पहिल्या आठवड्यात जोर असतो, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं, झोपेचा त्रास कधी थोडा जास्त रेंगाळतो. हे कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून माणूस सोडल्यावर तिसऱ्या रात्री छताकडे बघत ठरवतो की बघा, मला याच्याशिवाय झोपच येत नाही. खरं तर ती न येणारी झोप आता गांजानेच आणलेली असते. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर झोप उधारीवर घेतली, आणि आता मुद्दल सोडाच, व्याजच फिटत नाही.

पण मूळ दुखणं पाळीचं आणि खोलीचं आहे. ते तसंच ठेवून नुसतं 'सोड' म्हणणं सोपं आहे.

पाठ, हात, पोट

दुसरं कारण दुखणं. लूमवर उभं राहून पाय भरतात, साड्यांचे गठ्ठे उचलून कंबर जाते, एम्ब्रॉयडरीवाल्याची मान आणि डोळे. दवाखान्यात गेलं की गोळी मिळते, गोळीने पोट जळतं, आणि दवाखान्यात जायचं म्हणजे अर्धा दिवस बुडाला.

गांजाचा दुखण्यावरचा वापर काही आजचा नाही. आयुर्वेदात याच झाडाला विजया म्हणतात. कलकत्त्यात विल्यम ओशॉग्नेसी नावाच्या डॉक्टरने 1839 च्या सुमारास संधिवात, धनुर्वात, पटकी अशा रोग्यांवर ते वापरून पाहिलं आणि तिथून ते युरोपच्या औषधशास्त्रात गेलं. पुढे इंग्रज सरकारने 1893 मध्ये एक मोठा आयोगच नेमला, भारतात लोक भांग-गांजा का घेतात आणि त्याने काय होतं हे बघायला. आयोगाने देशभरात 1193 साक्षी नोंदवल्या. थकवा, ताप, थंडी, दमट हवा, देवधर्म, साधूंची रीत, मजुरांची सवय, अशी जी कारणं तेव्हा निघाली, ती आज नवागामच्या चहाच्या टपरीवर निघणाऱ्या कारणांपेक्षा फार वेगळी नाहीत. 1894 च्या अहवालाचा निष्कर्ष असा होता की बेतानं घेणाऱ्यांना मोठी इजा दिसत नाही, अतिरेक मात्र घातक. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी तपासल्या तेव्हा 'गांजाने वेड लागलं' असं लिहिलेल्या बऱ्याच नोंदींना धड आधारच नव्हता, कुणीतरी विचारल्याशिवाय तसं लिहून टाकलेलं होतं.

हे वाचून ओढणारे खूश होतील, म्हणून लगेच पुढचं. सव्वाशे वर्षांपूर्वीचा तो अहवाल आजच्या मालाला जसाच्या तसा लागू पडत नाही. टीएचसी जितकं जास्त तितका धोका जास्त, आणि पुडीवर प्रमाण छापलेलं नसतं. दुखण्याच्या बाबतीत 2017 मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मोठा आढावा घेतला, त्यात मोठ्यांच्या जुनाट दुखण्यात फायद्याचा पुरावा आहे असं म्हटलं. चारच वर्षांनी, 2021 मध्ये, वेदनेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सांगितलं की शिफारस करण्याइतका पुरावा अजून नाही. म्हणजे शास्त्रातही भांडण चालू आहे. आणि ते भांडण मोजून-मापून दिलेल्या औषधाबद्दल आहे, रेल्वे पटरीच्या कडेला मिळणाऱ्या पुडीबद्दल नाही.

एक मात्र वादाचं नाही. चालत्या लूमजवळ, मिलच्या जेट मशीनजवळ किंवा रिक्षाच्या हँडलवर गांजा चढलेला माणूस धोक्यात असतो. हात उशिरा हलतो, लक्ष सुटतं, अंतराचा अंदाज चुकतो. त्याला मात्र वाटतं आज काम मस्त चाललंय.

दारूच्या जागी

गुजरातेत दारूबंदी. दारू मिळत नाही असं कुणी म्हणणार नाही, पण ती महाग पडते, बनावट असण्याची भीती असते आणि तोंडाला वास येतो. घरी बायकोला कळतं, खात्यावर शेठला कळतं, रस्त्यात पोलिसाला कळतं. गांजाने डोळे लाल होतात, त्याला थेंब टाकले की झालं, असा हिशेब. पिऊन मारझोड करणारा बाप लहानपणी बघितलेली पोरं तर अभिमानाने सांगतात की आपण दारूला शिवत नाही, नुसती चिलीम. त्यांच्या मनात हा खरोखर सुधारणेचा रस्ता असतो.

यात थोडं तथ्य आहे. दारूने यकृत जातं, जास्त झाली तर माणूस दगावतो, घरात हात उचलला जातो. गांजाच्या जास्त मात्रेने असा थेट मृत्यू सहसा होत नाही. पण 'दारूपेक्षा बरं' याचा अर्थ 'बरं' असा होत नाही. आणि नवागाममध्ये दिसतं ते वेगळंच: दारू सुटते ती थोडे दिवस, मग दोन्ही चालू होतात. वर गांजाबरोबर बिडी-सिगारेटचा तंबाखू मिसळलेला असतोच. गांजा सोडायला गेलेल्याला खरा त्रास पुष्कळदा तंबाखूचा होतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

चार जणांचं वर्तुळ

याच्यावर कुणी बोलत नाही, पण मला हे कारण सगळ्यात मोठं वाटतं. एकोणीस-वीस वर्षांचं पोरगं गावाहून येतं. आई-बाप तिकडे, मोबाईलवर रील, खिशात पगार येईपर्यंत काही नाही. बारा तास आवाजात, बारा तास खोलीत. त्याला संध्याकाळी मैदानाच्या कडेला चार जण बोलावतात. चिलीम फिरते. चिलीम एकट्याने ओढायची वस्तूच नव्हे, ती हातातून हातात जाते, साफी ओली करून कुणीतरी भरतो, कुणीतरी आगकाडी धरतो. त्या अर्ध्या तासात तो कुणाचा तरी असतो. त्याला 'नशा सोड' सांगणं म्हणजे त्याच्या कानाला 'तुझे चारही मित्र सोड' असं ऐकू येतं.

आता चिलीम कमी झाली, गोगो पेपर आला. पेपरची गोष्ट वेगळी, ती एकट्याने ओढता येते. वर्तुळ तुटून माणूस गच्चीवर एकटाच ओढायला लागला की समजावं, मामला मैत्रीचा राहिला नाही.

टेन्शनचंही इथेच सांगतो. कर्ज, बायकोशी भांडण, बहिणीचं लग्न, सुटलेलं काम. थोड्या मात्रेने मन सैल होतं, पण जास्त झालं की उलट छाती धडधडते, कुणीतरी मागे लागलंय असं वाटतं. शरीर स्वतःच अशी काही रसायनं बनवतं, त्यातलं एक 1992 मध्ये सापडलं तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला संस्कृतातल्या 'आनंद'वरून नाव दिलं: आनंदामाइड. बाहेरून रोज भरणा होत राहिला की त्या घरच्या व्यवस्थेवर परिणाम होतो. पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू करणाऱ्याचं नुकसान जास्त, कारण मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो. घेणाऱ्यांपैकी साधारण अकरातला एक पक्क्या सवयीत अडकतो असा जुना अंदाज आहे, आणि कोवळ्या वयात सुरू केलं तर सहातला एक. ज्यांच्या घरात आधी कुणाला वेडाचा आजार झालाय, आवाज ऐकू येणं, भलते संशय, त्यांनी तर याच्या वाटेलाच जाऊ नये. तिथे धोका कितीतरी जास्त असतो.

देवाचं नाव आणि नवापूरचा फलाट

महाशिवरात्रीला भांग, होळीला ठंडाई. हे कारण सांगताना कुणी आवाज खाली करत नाही. भांग म्हणजे झाडाची पानं, गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे चीक. 1985 चा अंमली पदार्थांचा कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, तो फुलोऱ्याला आणि चिकाला धरतो. नुसतं पान त्याच्या व्याख्येत बसत नाही. पानाचं काय करायचं हे राज्यांवर सोडलं आहे.

आणि इथे सीमेवरच्या लोकांसाठी गंमत आहे. नवापूर स्टेशनचा फलाट काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत, हे आपल्याला माहीत आहेच. दोन्ही राज्यांचा दारूबंदीचा कायदा मुळात एकच, मुंबई राज्याचा 1949 चा. 1960 मध्ये राज्यं वेगळी झाली, कायदा दोघांनी ठेवला. फेब्रुवारी 2017 मध्ये गुजरातने त्यातून भांग बाहेर काढली. ती शंकराचा प्रसाद म्हणून घेतली जाते, असं कारण तेव्हा सरकारने दिलं. महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं, पिणं हा गुन्हाच राहिला. म्हणजे सुरतेत शिवरात्रीला घेतलेला भांगेचा गोळा खिशात ठेवून कुणी गावी निघाला, तर फलाटाच्या अलीकडे तो प्रसाद आणि पलीकडे मुद्देमाल. गुजरातेत चालतं म्हणून गांजाही चालतो, असा समज इथल्या काही पोरांचा आहे. तो साफ चूक आहे. गांजा दोन्हीकडे गुन्हा.

प्यायची भांग साधी, असंही समजू नका. ओढलेलं काही मिनिटांत चढतं, पोटात गेलेलं चढायला अर्धा ते दोन तास घेतं. 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा पेला घेणारेच दवाखान्यात दिसतात.

पुडी सापडली, आता?

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, पोलिसांना कळलं तर? कायदा असा आहे. गांजा नुसता घेतला म्हणून कलम 27 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1 किलोपर्यंतचा गांजा बाळगला तर 'अल्प प्रमाण', 1 वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 1 ते 20 किलोच्या मध्ये 10 वर्षांपर्यंत. 20 किलोच्या वर व्यापारी प्रमाण, तिथे कमीत कमी 10 आणि जास्तीत जास्त 20 वर्षं. चरसला हेच आकडे 100 ग्रॅम आणि 1 किलो. 'जरा ही पिशवी नंदुरबारला पोचव, हजार-पाचशे घे' म्हणणाऱ्याच्या नादी लागलेलं पोरगं कुठल्या खान्यात जाऊन बसतं, हे यावरून समजेल. पिशवीत काय होतं ते माहीत नव्हतं, हे कोर्टात सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर येतं.

पण याच कायद्यात कलम 64-अ आहे, आणि ते नवागाममध्ये फार थोड्यांना ठाऊक आहे. व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडला तर ही सवलत जाऊ शकते. म्हणजे डॉक्टरकडे गेलो तर तेच पकडून देतील, या भीतीने घरी लपवत बसण्याची गरज नाही.

सुरतेत नवी सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचं स्मीमेर, दोन्हीकडे मनोविकार विभाग आहे. महाराष्ट्रात पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. तेव्हा गर्दचा काळ होता, आता तिथे सगळ्या प्रकारची व्यसनं घेऊन माणसं येतात. फोनवर बोलायचं असेल तर केंद्राची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446. झोप, घबराट, मनाचा त्रास असेल तर टेलिमानस 14416, तिथे मराठीतही बोलता येतं आणि गुजरातीतही.

गांजा सोडवायला एखादी खात्रीची गोळी अजून निघालेली नाही. 'जेवणात मिसळा, सात दिवसांत सुटेल' अशा पुड्या उधन्यापासून डिंडोलीपर्यंत भिंतींवर रंगवलेल्या दिसतात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. डॉक्टर करतात ते असं: झोपेसाठी, चिडचिडीसाठी थोडे दिवस औषध, आणि बाकी बोलणं. कधी ओढतोस, कुणाबरोबर, त्याआधी काय झालेलं असतं. म्हणजे ज्या कारणाने सुरू झालं त्याच कारणापाशी परत यायचं. म्हणून पहिल्या दिवशी 'पोरगा नशेडी झालाय' एवढंच सांगण्यापेक्षा त्याची पाळी कुठली, तो झोपतो कुठे नि किती वाजता, पाठ कधीपासून दुखते, तंबाखू किती, घरात आधी कुणाला मनाचा आजार होता का, हे कागदावर लिहून न्या. सिव्हिलच्या ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरला वेळ थोडा मिळतो. आणि रात्रपाळीवाल्याने पाळी संपल्यावर थेट तिथेच जावं. एकदा खोलीवर जाऊन आडवं झालं की त्या दिवशीचं जाणं होत नाही.